कोळी लोळतोय? वाळूत बसवा

अल्कोहोलमध्ये जतन केलेला कोळी सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढताना सारखा कुशीवर वळतो आणि मादीच्या पोटाखालची जननपट्टिका (जननछिद्रावरची कडक पट्टी) नीट दिसत नाही. जात ओळखायला तर बहुधा तीच लागते.

१. बारीक वाळू पाणी नितळ येईपर्यंत धुवा. इथे घाई केलीत, तर फोटोभर धूळ तरंगणार.
२. पेट्री डिशमध्ये वाळूचा ५ मिमी थर द्या, वर ७०–८० टक्के अल्कोहोल ओता.
३. सुईने खाच पाडून कोळी उताणा बसवा. केसांसकट पूर्ण बुडू द्या. एखादा भाग वर राहिला की तिथे चकाकी येते.
४. प्रकाश बाजूने, ट्रेसिंग पेपरमधून द्या.

केसांत अडकलेले कण ड्रॉपरने अल्कोहोल सोडून निघतात. चिमट्याने ओढाल तर पाय तुटेल.

दिवा एलईडीच घ्या. हॅलोजन तापतो, आणि अल्कोहोलची वाफ पेटते.