एजंटला तुमचा कोड दिसत नाही

'आज टोमॅटो क्रेटला १४०० रुपये.' आमच्या एजंटने, म्हणजे शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या एआय प्रोग्रामने, चाचणीला मदत करणाऱ्या जुन्नरकडच्या एका शेतकऱ्याला हे उत्तर दिलं. त्यांनी लगेच फोन केला, "ताई, एवढा भाव कुठे आहे ते सांगा, गाडी तिकडेच वळवतो." १४०० हा आकडा खरा होता, पण तो क्विंटलचा. नारायणगावला टोमॅटो वीस किलोच्या क्रेटवर विकतात, म्हणजे क्रेटला २८० रुपये. त्यांनी क्रेटचा भाव विचारला, टूलने, म्हणजे एजंट माहिती आणायला बोलावतो त्या छोट्या प्रोग्रामने, नुसता आकडा परत दिला आणि एजंटमागच्या भाषा-मॉडेलने दोन्हींची सांगड घातली.

त्या टूलचं वर्णन मीच लिहिलं होतं: 'बाजारभाव आणते.' बस, एवढंच. 'दर प्रति क्विंटल' ही कॉमेंट कोडमध्ये होती, पण मॉडेल कोड वाचत नाही. टूल निवडताना त्याच्यासमोर टूलचं नाव, वर्णन आणि कोणते पॅरामीटर (बाजार, तारीख अशी माहिती) द्यायचे याचा स्कीमा, म्हणजे आराखडा, एवढंच असतं. नवीन कामाला लागलेल्यांनी ही एक गोष्ट पक्की डोक्यात ठेवावी, बाकीचं बरंचसं त्यातूनच सुचत जातं.

दुरुस्त केल्यावर तेच वर्णन असं झालं: 'एका बाजार समितीतला एका शेतमालाचा एका दिवसाचा किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर देते. सर्व दर रुपये प्रति क्विंटल. वापरकर्त्याने किलो किंवा क्रेटचा भाव विचारला तर आधी हिशेब करून मगच सांगावा. त्या दिवशी बाजार बंद असेल तर रिकामी यादी येते. याचा अर्थ भाव शून्य असा नाही. एकापेक्षा जास्त दिवसांचे भाव हवे असतील तर हे टूल वापरू नये, भाव-इतिहास वापरावं.'

यातली रिकाम्या यादीची ओळ अमावास्येने शिकवली. त्या दिवशी लिलाव बंद होते आणि एजंट प्रत्येकाला 'आज कांद्याला भाव नाही' असं सांगत होता. ज्याच्या कांदाचाळीत माल पडून आहे त्याला हे वाक्य काय वाटेल, याचा विचार करा. टूल काय देतं हे सगळेच लिहितात. ते केव्हा काहीच देत नाही आणि केव्हा वापरायचं नाही, हे मात्र बहुतेकांचं राहून जातं.

पॅरामीटरचंही तसंच. नुसतं 'बाजार' लिहिलं की मॉडेल कधी 'पिंपळगाव' पाठवतं, कधी 'पिंपळगाव बसवंत', कधी 'नाशिक'. पर्याय मोजकेच असतील तर त्यांची ठरलेली यादी स्कीमातच द्यावी. तारखेला नमुना हवाच, २०२५-०६-०५ असा. ०५/०६ म्हणजे पाच जून की सहा मे, हे अंदाजावर सोडू नये.

वर्णन लांबलचक करण्याच्या मी मात्र विरोधात आहे. प्रत्येक संवादात ते मॉडेलच्या संदर्भात (एका वेळी त्याच्यासमोर मावणाऱ्या मजकुरात) जागा खातं, आणि अशी तीस टूलं एकत्र आली की नेमकी हवी ती ओळ गर्दीत हरवते. चार-पाच नेमकी वाक्यं बहुतेक वेळा पुरतात. एक शब्द बदलला तरी तेच जुने वीस-पंचवीस खरे प्रश्न पुन्हा चालवा आणि कोणतं टूल कोणत्या माहितीसह बोलावलं गेलं, ते लॉगमध्ये (एजंटच्या कामाच्या नोंदीत) स्वतः वाचा. उत्तर बरोबर दिसलं म्हणून पुढे जाऊ नका, चुकीच्या टूलमधूनही योगायोगाने बरोबर उत्तर येतं.

नोव्हेंबर २०२४मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल ही एजंटला टूलं जोडण्याची सामाईक पद्धत सर्वांसाठी खुली केली. तेव्हापासून आपण या पद्धतीने खुलं केलेलं टूल कुठल्याही अनोळखी टीमचा एजंट वापरू शकतो, आणि शंका विचारायला ती टीम आपल्या टेबलाशी येणार नसते.

म्हणून वर्णन पक्कं करण्याआधी मी ते शेतीशी संबंध नसलेल्या एका सहकारी मैत्रिणीला वाचायला देते आणि विचारते, 'काल लासलगावला कांदा काय गेला?' असा प्रश्न आला तर तू या टूलला काय काय पाठवशील? तिने मला जे विचारलं, ते वर्णनात नाही असं समजायचं. मागच्या वेळी तिने विचारलं, "सर्वसाधारण म्हणजे किमान आणि कमालची सरासरी ना?" नाही. ज्या दराने सर्वाधिक माल विकला गेला तो सर्वसाधारण. ती ओळ त्याच दुपारी वर्णनात गेली.