टर्की अर्धी करायच्या आधी

आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा. टर्की ज्या दिवशी ताटात हवी, त्या दिवसापासून मागे चार दिवस मोजा आणि मध्ये एकादशी, संकष्टी, कुणाचा गुरुवार, कुणाचा शनिवार येत नाही ना ते पाहा. हसू नका. पाच-साडेपाच किलोचा गोठलेला पक्षी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात तीन दिवस मुक्कामाला असतो. उपासाची भगर आणि दही ज्या फ्रिजमध्ये आहे, तिथं हा पाहुणा गुरुवारी ठेवायची परवानगी आमच्या लातुरात तरी कुठली आई देईल असं मला वाटत नाही. गेल्या वर्षी मी कॅलेंडर बघितलं नाही. पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

टर्की हैदराबादहून आली. मामेभाऊ तिकडे नोकरीला. नाताळच्या सुट्टीत थर्माकोलच्या खोक्यात घालून, रात्रभर बसमध्ये मांडीवर घेऊन आला. मूळचा अमेरिका खंडातला हा पक्षी. तुर्कस्तानशी त्याचं नातं नावापुरतं, आणि पोर्तुगीज लोक त्यालाच ‘पेरू’ म्हणतात, तर त्या देशाशीही त्याचं काही नाही. खोकं उघडल्यावर आईनं विचारलं, ‘उद्या गुरुवार हाय, माहीत हाय का?’ आमचा फ्रिज एका दाराचा, वरचा बर्फाचा कप्पा दोन किलोच्या चिकनलाही कुरकुरणारा. शेजारच्या काकांच्या फ्रीझरमध्ये अर्धी मावेल, कोपऱ्यावरच्या मित्राकडे अर्धी मावेल, असा हिशेब निघाला. म्हणजे दगडासारखी टर्की त्याच रात्री मधोमध कापायची.

तुमच्यावर ही वेळ आली, तर कापण्याची तयारी करण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: गोठलेली असतानाच कापायची गरज खरंच आहे का? बहुतेक वेळा नसते. अर्धी आज भाजायची आणि अर्धी पुढच्या महिन्यात रश्श्याला ठेवायची, एवढंच असेल तर पूर्ण टर्की फ्रिजमध्ये सावकाश सुटू द्या, म्हणजे तिचा बर्फ वितळू द्या, कापा, आणि दुसरा अर्धा भाग परत गोठवा. एकदा सुटलेलं मांस पुन्हा गोठवू नये असं आपल्याकडे सर्रास सांगतात. ते बाहेर ओट्यावर सुटलेल्या मांसाला लागू आहे. फ्रिजच्या थंडीत, म्हणजे ४ अंश सेल्सिअसच्या आत सुटलेलं मांस दिवस-दोन दिवसांत परत गोठवलं तर खायला सुरक्षित असतं. थोडं पाणी सुटतं, मांस किंचित कोरडं होतं. रश्श्यात कुणाला कळतंय?

तेव्हा तयारीच्या यादीतली सगळ्यात मोठी नोंद म्हणजे फ्रिजमधली जागा. मधली एक जाळी काढून ठेवा. ताक, डोशाचं पीठ, भाकरीच्या पिठाचा डबा शेजारी पाठवा. टर्की वेष्टनासकट खोल परातीत ठेवा आणि परात सगळ्यात खाली, कारण तिच्यातून झिरपणारं पाणी कोथिंबिरीवर पडता कामा नये. साधारण दोन किलोला एक दिवस धरा, म्हणजे साडेपाच किलोला पावणेतीन-तीन दिवस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोटातली पोकळी हाताने तपासा. पुष्कळ पक्ष्यांच्या पोटात मान, काळीज, पेटा यांची कागदात किंवा प्लॅस्टिकमध्ये बांधलेली पुडी कोंबलेली असते. ती सुटली असेल तर ओढून काढा. तंगड्या एकमेकींत अडकवणारी प्लॅस्टिकची किंवा तारेची कडीही तेव्हाच काढा.

घाई असेल त्यांच्यासाठी थंड पाण्याची रीत आहे. गळणार नाही अशा पिशवीत टर्की बांधायची, पूर्ण बुडेल एवढ्या गार पाण्यात ठेवायची आणि दर अर्ध्या तासाला पाणी बदलायचं. साडेपाच किलोला सहा तास. आता हे गणित लातुरात करून बघा. बारा वेळा पाणी, दर वेळी सोळा-सतरा लिटर, म्हणजे एक अख्खं टिपाड. ज्या गावाला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं एका कोंबडीच्या बहिणीपायी टिपाडभर पाणी ओतणाऱ्या माणसाकडे गल्ली कशी बघेल, ते मी सांगायला नको. करायचंच असेल तर नळ येण्याच्या दिवशी करा आणि ते पाणी संडासला वापरा. पिशवी गळली नाही असं कितीही वाटलं तरी ते पाणी पालेभाजीच्या वाफ्यात घालू नका. या रीतीनं सुटलेली टर्की लगेच शिजवावी लागते, कच्ची परत गोठवता येत नाही. त्यामुळं ‘अर्धी नंतर’ हा बेत इथं बाद.

गरम पाणी नको. उन्हात ठेवणं नको. रात्रभर ओट्यावरही नको. आपल्याकडे डिसेंबरातसुद्धा दुपारी स्वेटर काढावा लागतो. बाहेरचं मांस कोमट होतं तेव्हा आतला गाभा बर्फच असतो, आणि ४ ते ६० अंशांमध्ये जंतू जोमानं वाढतात. दोन तासांच्या वर कच्चं मांस बाहेर राहू देऊ नये. लाइटचंही बघून ठेवा. लाइट गेली तर फ्रिजचं दार उघडायचं नाही. बंद दारामागे चारेक तास थंडी टिकते. लहान मुलांना हे आधीच बजावून ठेवा, नाहीतर दर दहा मिनिटांनी ‘टर्की बघू’ म्हणून दार उघडलं जातं.

इतकं सांगूनही कुणाची अडचण माझ्यासारखी असेल, आजच कापायची, गोठलेलीच कापायची, तर मग हत्यारं. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण त्या रात्री घरातलं प्रत्येक हत्यार आम्ही आजमावून पाहिलं.

विळी पहिल्यांदा आईनंच पुढं केली. विळीवर आपण वस्तू दोन्ही हातांनी पात्याकडे ढकलतो. कांद्याला ठीक आहे, भोपळ्यालाही ठीक आहे, पण बर्फाचा गोळा निसटला की हात सरळ पात्यावर. विळी बाजूला ठेवा. मग काकांनी शेतातला, ऊसतोडीचा कोयता आणला. त्यांनी एक घाव घातला, कोयता टणकन उसळून मागं आला आणि टर्कीवर जेमतेम पांढरा ओरखडा उमटला. दुसरा घाव घालू दिला नाही. कोयता उसासाठी असतो, उसाला हाडं नसतात.

तिसरी माझी चूक. मोठी सुरी छातीवर ठेवून तिच्या पाठीवर बत्त्यानं ठोकायला लागलो. चार इंच छान गेली, मग अडकली. ओढून, थोडी वाकडी करून काढताना धारेतून नखाएवढी कपची उडाली. आता ती कपची टर्कीत की घरात? घरात शांतता पसरली. जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक काढून मी फरशी पिंजून काढली. कपची पाटाखाली सापडली. पण ती सापडेपर्यंतची वीस मिनिटं आठवली की अजून पोटात गोळा येतो. तुकडा सापडला नसता तर टर्की फेकून द्यावी लागली असती, दुसरा इलाज नव्हता. गोठलेल्या मांसात सुरी पिरगाळायची नाही, एवढं लक्षात ठेवा.

चालते ती करवतच. व्यापारी शीतगृहात यासाठी बँडसॉ, म्हणजे विजेवर फिरणारी पट्ट्याची करवत असते. घरात हाताची करवत. लोखंड कापायचं हेक्सा ब्लेड आणावं असं सगळे सुचवतात, मलाही सुचवलं. त्यात एक गोम आहे: हेक्साच्या चौकटीची खोली तीन-चार इंच, आणि टर्की त्याच्या दुप्पट उंच. पातं आत गेलं की वरची दांडी टर्कीला अडते. मग सगळ्या बाजूंनी फिरवून कापत बसावं लागतं. त्यापेक्षा सुताराची सरळ हातकरवत घ्या, नवी, लाकडाला न लागलेली. दात मोठे असू द्या. बारीक दातांत चरबी भरते आणि करवत नुसती घसरते. नव्या पात्याला गंज लागू नये म्हणून तेल चोपडलेलं असतं. ते गरम पाणी आणि भांड्याच्या साबणानं दोनदा धुऊन, कोरडं पुसून घ्या. रंग दिलेलं पातं घेऊ नका, तो रंग मांसात उतरतो. सुताराकडून उसनी करवत आणू नका, आणि विजेच्या ग्राइंडरचं तर नाव काढू नका. ओळखीतल्या एका हौशी माणसानं सॉ मिलवर घेऊन जायचं सुचवलं होतं. सागाचा भुसा भरलेली टर्की कुणाला खायची असेल त्यानं खुशाल जावं.

जागा: ओटा नको. दणक्यानं कडप्पा तडकू शकतो, आणि उभ्यानं जोरही लागत नाही. अंगणात किंवा मोरीजवळ खाली स्वच्छ प्लॅस्टिक, त्यावर ओला करून पिळलेला जाड टॉवेल, त्यावर पाट. ओल्या टॉवेलमुळं पाट सरकत नाही. दुसरा पाट भिंतीला उभा टेकवला की टर्कीला पाठीमागून आधार मिळतो. माणसं दोन लागतात, एक कापणारा, एक धरणारा. धरणाऱ्याचा हात करवतीच्या रेषेत कधीच नको. त्यानं सुती हातमोज्यांवर रबरी मोजे घालावेत, आणि दर पाच मिनिटांनी माणूस बदलावा. उणे १८ अंशांची वस्तू धरून बोटं बधिर होतात, आणि बधिर बोटाला कापल्याचंही कळत नाही. मांजर खोलीत कोंडा.

रेघ आधी ठरवा. छातीचं उभं हाड आणि पाठीचा कणा यांच्या बाजूनं लांबीत कापलं की दोन्ही भागांत एक तंगडी, एक पंख, अर्धी छाती येते. पण आतली पुडी गोठून बसलेली असते आणि करवत तिच्यामधून जाते. कागदाचे, प्लॅस्टिकचे चिंधडे कापलेल्या तोंडाशी दिसतात. ते टर्की सुटल्यावर एक एक वेचायचे. ही आठवण चिठ्ठीवर लिहून दोन्ही पिशव्यांत बांधा. मी लिहिली नव्हती, मित्राच्या बायकोला रश्श्यात कागद सापडला. जोर न लावता लांब, सावकाश फेऱ्या मारा. आम्हाला पाऊण तास लागला. मधे समोरच्या मावशी डोकावून म्हणाल्या, ‘काय करलालाव रे एवढ्या रातीला?’ मामेभावानं ‘फर्निचर’ म्हणून सांगितलं.

खाटकाकडे न्यायचा मार्ग उरतो. सुटलेली टर्की असेल तर तोच सगळ्यात सोपा. चिंचेच्या लाकडाचा ठोकळा आणि वजनदार सत्तूर, तीन घावांत काम. गोठलेली मात्र तोही घेणार नाही, त्याच्याही सत्तुराला धार प्यारी असते. आदल्या दिवशी जाऊन विचारा, वेष्टनही सोबत न्या. दुसऱ्या अर्ध्या भागाचे तुकडे करायला नेले तेव्हा आमच्या ओळखीच्या भाईंनी पहिला प्रश्न हलालचा विचारला, आणि तो रास्त होता. कुठल्यातरी अनोळखी मांसाला स्वतःच्या ठोकळ्यावर जागा का द्यावी? वेष्टनावर शिक्का होता म्हणून जमलं. सकाळी ठोकळा धुतल्यावर, पहिली कोंबडी यायच्या आत जा.

कापल्यानंतरचं आधी मांडून ठेवा, कारण तेव्हा हात बरबटलेले असतात. कापलेल्या तोंडाला प्लॅस्टिक घट्ट चिकटवून, दुहेरी पिशवीत, हवा काढून, तारीख टाकून. वर्षासकट. टर्की नळाखाली धुऊ नका. शिंतोडे मोरीभर उडतात आणि जंतू शिजवतानाच मरतात. पाट, करवत, फरशी साबणानं धुऊन नंतर चार लिटर पाण्यात एक मोठा चमचा पातळ ब्लीच टाकून पुसून घ्या.

शिजवण्याचं थोडक्यात. अर्धी टर्की आमच्या ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, कशीबशी मावली. हाडाला न टेकवता मांडीच्या आत थर्मामीटर खुपसला की ७४ अंश दिसायला हवेत. दुसरा अर्धा भाग नीट सुटू देऊन तुकडे केले आणि काळ्या मसाल्यात, येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्याचं पीठ) लावून दाटसर करून चुलीवर दीड तास ठेवला. टर्कीची तंगडी चिवट असते. गावरान कोंबड्याला लागतो त्याहून थोडा जास्त वेळ धरा आणि भाकरी त्या अंदाजानं उशिरा टाका.

यंदा मामेभावाचा फोन आलाय. खोकं शुक्रवारी सकाळी येईल असं मी त्याला बजावून सांगितलंय, आणि फ्रिजची मधली जाळी आजच काढून ठेवलीय.