वीज गेल्यावरही टिकणारी मुख्य मेमरी: ऑपरेटिंग सिस्टिमची आखणी कशी करावी

सोलापुरात चादरीच्या मागावर काम चालू असताना वीज गेली, तर जकार्डच्या पुठ्ठ्यांवरची नक्षी कुठेही जात नाही. प्रश्न उरतो तो शेवटचा बाणा पूर्ण पडला की धोटा अर्ध्यातच अडकला, एवढाच. टिकाऊ मुख्य मेमरीसाठी ऑपरेटिंग सिस्टिम आखतानाही हाच प्रश्न आधी सोडवावा लागतो.

प्रथम वाटणी करावी. फाइलींच्या नोंदी टिकाऊ भागात ठेवाव्यात; लॉक (एका वेळी एकालाच वापर करू देणारी कुलपे) आणि प्रोसेसचे, म्हणजे चालू प्रोग्रॅमचे, क्रमांक मात्र वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या साध्या डीरॅममध्येच असावेत, कारण टिकाऊ भागातले लॉक वीज परत आल्यावरही लागलेलेच असते आणि ते सोडणारी प्रोसेस उरलेली नसते. ‘बंद करून चालू करा’ हा आपला हुकमी इलाज इथे निकामी ठरतो. पॉइंटरमध्ये, म्हणजे नोंद कुठे आहे हे सांगणाऱ्या खुणेत, थेट पत्ता न लिहिता टिकाऊ भागाच्या सुरुवातीपासूनचे अंतर लिहावे, म्हणजे पुढच्या वेळी तो भाग दुसऱ्या पत्त्यावर जोडला गेला तरी बिघडत नाही.

खरी मेख कॅशमध्ये आहे. मेमरी टिकाऊ असली तरी प्रोसेसरची कॅश, म्हणजे मेमरीत जाण्याआधी मजकूर थांबतो तो छोटा जलद साठा, सहसा तशी नसते, आणि तिच्यातल्या 64 बाइटांच्या ओळी मेमरीत कोणत्या क्रमाने उतरतील याची हमी नसते. समजा, 200 बाइटांची नवी नोंद ओळीच्या सीमेपासून लिहिली. ती चार ओळी व्यापते. एक्स86 प्रोसेसरवर या चारही ओळींना सीएलडब्ल्यूबी ही कॅशमधली ओळ मेमरीत उतरवणारी सूचना द्यावी, मग आधीचे लेखन पुरे होईपर्यंत पुढचे रोखणारी एसफेन्स द्यावी, आणि त्यानंतरच त्या नोंदीकडे नेणारा 8 बाइटांचा पॉइंटर एका फटक्यात बदलून त्याच्यासाठीही हेच दोन्ही सोपस्कार करावेत.

इंटेलने 2019 मध्ये बाजारात आणलेली ऑप्टेन ही टिकाऊ मेमरी 2022 मध्ये गुंडाळायला घेतली, त्यामुळे सराव क्यूएमू या सॉफ्टवेअरच्या आभासी यंत्रावर करणे सोयीचे. मात्र ते यंत्र मध्येच बंद पाडून क्रमाची चूक सापडेल अशी आशा धरू नये, कारण तिथे कॅशमधला मजकूर हरवतच नाही. त्याऐवजी प्रत्येक लेखन आणि फेन्स टिपून ठेवावे, कोणत्या ओळी उतरल्या आणि कोणत्या राहिल्या याची प्रत्येक शक्यता स्वतः रचावी आणि तिच्यावर पुनर्प्राप्तीचा कोड चालवावा. वरच्या उदाहरणात पहिला एसफेन्स विसरला, तर नोंदीच्या चार आणि पॉइंटरची एक अशा पाच ओळींच्या 32 शक्यतांपैकी 15 मध्ये पॉइंटर अर्धवट नोंदीकडे नेतो. तो दिला, तर एकाही शक्यतेत नेत नाही.