ट्रायल्ससाठी पहिले बूट घेताना: दुकानात जाण्याआधीपासून पहिल्या सरावापर्यंतची तयारी

मोटरसायकल ट्रायल्स नव्याने शिकणाऱ्याने बूट निवडण्याआधी या खेळात पायांना नेमके काय करावे लागते, ते नीट समजून घ्यावे. दगड, ओढे, झाडांची मुळे आणि चिखलाचे चढ यांतून आखलेल्या सेक्शनमधून पाय न टेकता गाडी काढायची असते. एकदा पाय टेकला की एक दंडगुण, दोनदा टेकला की दोन, तीन किंवा अधिक वेळा टेकला तर तीन, आणि पडल्यास किंवा आखलेल्या हद्दीबाहेर गेल्यास पाच दंडगुण मिळतात. ज्याचे दंडगुण सर्वांत कमी तो जिंकतो. गाडीला बसण्याजोगी सीट नसते, त्यामुळे सेक्शनमध्ये चालवणारा सारा वेळ फूटरेस्टवर उभा असतो आणि साधारण 70 किलो वजनाच्या त्या गाडीचा तोल घोटे आणि गुडघे वाकवून सांभाळतो. शिवाय प्रत्येक सेक्शन चालवण्याआधी तो पायी फिरून पाहायचा असतो, म्हणजे दिवसातला बराच वेळ निसरड्या दगडांवर चालण्यात जातो. घोटा मोकळा वाकू देणे, ओल्या दगडावर पकड देणे आणि पायाला मार लागू न देणे ही तीन कामे वहीत लिहून ठेवावीत आणि दुकानातला प्रत्येक जोड त्यांवरच पारखावा.

घरात आधीपासून असलेल्या पादत्राणांचा विचार त्यानंतर करावा, कारण नवशिक्याची पहिली चूक येथेच होते. मोटोक्रॉसचे, म्हणजे कच्च्या मार्गावरच्या वेगाच्या शर्यतींचे, बूट दिसायला भक्कम असतात आणि वेगात पडण्यापासून वाचवण्यासाठी ते उत्तम आहेत. परंतु त्यांचा ताठ प्लास्टिकचा सांगाडा घोटा हवा तसा वाकू देत नाही, जाड टोकामुळे गिअरचा लिव्हर पायाला जाणवत नाही, आणि अनेक बुटांचा तळ सपाट असल्याने शेवाळलेल्या दगडावर उतरताच पाय घसरतो. असे बूट आधीच असतील तर पहिले दोन-तीन सराव त्यांवर भागवावेत. मात्र ट्रायल्ससाठी म्हणून ते नव्याने विकत घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ट्रेकिंगच्या बुटांची गोष्ट नेमकी उलटी आहे: त्यांची पकड चांगली असते, घोटाही वाकतो, पण नडगी उघडी राहते आणि दगड व गाडी यांच्यात पाऊल सापडले तर तळ आडव्या दाबाला पुरेसा टिकाव धरत नाही. लोखंडी टोपीचे कारखान्यातले बूट जाड टोकामुळे लिव्हरखाली अडतात. कॅनव्हासचे किंवा धावण्याचे बूट घालून या गाडीला किकसुद्धा मारू नये, कारण उलट आलेली किक थेट नडगीवर बसते.

पायाचे माप संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभराच्या वावराने पाऊल किंचित फुगते आणि सकाळी बरोबर बसलेला बूट दुपारनंतर चावू लागतो. कागदावर उभे राहून, टाच भिंतीला टेकवून, दोन्ही पावलांची लांबी मिलिमीटरमध्ये नोंदवावी आणि मोठ्या पावलाचे माप धरावे. ट्रायल्सचे बरेचसे बूट इटली आणि स्पेनमधल्या कंपन्यांचे असल्याने त्यांवर युरोपीय नंबर असतात. त्या पद्धतीत एका नंबरचा फरक सुमारे 6.7 मिलिमीटर, तर आपल्याकडे रूढ असलेल्या ब्रिटिश पद्धतीत तो सुमारे 8.5 मिलिमीटर असतो. त्यामुळे दोन्हींचे नंबर एकास एक जुळत नाहीत आणि तक्त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवल्यास अर्ध्या नंबरची चूक सहज होते. मागवण्याआधी विक्रेत्याला पावलाची लांबी मिलिमीटरमध्ये कळवावी आणि जोड बदलून मिळेल का, याची लेखी खात्री करून घ्यावी.

दुकानात जाताना सरावाला घालणार तेच जाड, पोटरीपर्यंतचे मोजे सोबत न्यावेत. नडगी आणि गुडघा झाकणारे गार्ड वापरणार असाल तर तेही न्यावेत, कारण गार्ड बुटाच्या आत जाणार की बाहेर राहणार यावर पोटरीचा घेर ठरतो. बूट चढवल्यावर बकले नेहमीइतकी आवळून उभे राहावे. अंगठ्यापुढे थोडी जागा असावी, पण टाच वर उचलली जाता कामा नये. मग जिन्याच्या पायरीच्या कडेवर, फूटरेस्टवर उभे राहतो तसे, पावलाच्या मधोमध भार देऊन आणि नंतर चवड्यावर येऊन गुडघे पूर्ण वाकवावेत. या वेळी नडगी पुढे झुकली पाहिजे आणि बुटाची वरची कड पोटरीत रुतता कामा नये. असे दहा-पंधरा वेळा करावे, कारण दोन-तीन वेळा वाकून कुठलाच बूट आपला दोष दाखवत नाही. शेवटी डावे पाऊल घोट्यातून वर उचलून गिअर टाकल्याची आणि उजवे दाबून ब्रेक लावल्याची हालचाल करून पाहावी. नवा बूट काहीसा ताठ वाटणारच. पण ताठपणा चामड्याचा आहे, जो वापराने जाईल, की आतल्या प्लास्टिकच्या पट्टीचा, जो कधीच जाणार नाही, हे हाताने दाबून तपासावे.

सर्वांत जास्त वेळ तळ तपासण्यात घालवावा. ट्रायल्सच्या बुटाचा तळ डोंगरातल्या बुटासारखा खाचांचा असतो, आणि त्याचे रबर इतके मऊ हवे की दगडावर टेकवलेला पाय तिथेच थांबेल, पण इतकेही मऊ नको की फूटरेस्टचे दात काही महिन्यांतच त्याचे तुकडे पाडतील. नखाने दाबून रबराचा अंदाज येतो. खाचा फार खोल आणि विरळ असतील तर फूटरेस्टवर पाऊल सरकवताना त्या अडकतात, आणि या खेळात पाऊल दर क्षणाला थोडे मागेपुढे करावे लागते. बूट दोन्ही हातांत धरून पिळून पाहावा: चवड्यापाशी तो वाकला पाहिजे, कमानीपाशी मात्र भक्कम राहिला पाहिजे, कारण तेथेच फूटरेस्टचा भार येतो. तळ शिवलेला आहे की नुसता चिकटवलेला, आणि झिजल्यावर बदलून मिळतो का, हेही विचारावे. तळ आधी झिजतो आणि चामडे पुढे कितीतरी वर्षे टिकते, म्हणून तळ बदलून मिळणारा महाग जोड माझ्या हिशेबाने शेवटी स्वस्तच पडतो.

मोटरसायकलच्या बुटांसाठी युरोपात ईएन 13634 हे मानक आहे, तेव्हा आतल्या बाजूला शिवलेले किंवा छापलेले लेबल वाचायला विसरू नये. मोटरसायकलस्वाराच्या चिन्हाखाली असलेले आकडे क्रमाने बुटाची उंची, घासण्याला विरोध, कापले जाण्याला विरोध आणि तळाची आडवी मजबुती यांची पातळी सांगतात; 1 पेक्षा 2 ही पातळी वरची. ट्रायल्ससाठी यांतला शेवटचा आकडा मला सर्वाधिक महत्त्वाचा वाटतो. आयपीए ही अक्षरे घोट्याच्या, आयपीएस ही नडगीच्या संरक्षणाची, तर डब्ल्यूआर ही पाण्याला केलेल्या विरोधाची खूण आहे.

पाण्याबद्दल मात्र भाबड्या अपेक्षा ठेवू नयेत. दर मे महिन्यात स्कॉटलंडमध्ये फोर्ट विल्यमच्या परिसरात सहा दिवसांची प्रसिद्ध ट्रायल होते. आपल्याकडे ओळखीच्या असलेल्या रॉयल एनफिल्ड बुलेटवर ब्रिटिश चालक जॉनी ब्रिटन यांनी ती 1952 आणि 1957 मध्ये जिंकली होती. तिथे दलदल आणि ओढे रोजचेच असतात. आत पाणी रोखणारा पडदा असलेला बूट चिखल आणि पाऊस थोपवतो, पण ओढ्यात पोटरीपर्यंत पाय गेला की वरून शिरलेले पाणी तोच पडदा आत कोंडून ठेवतो. सह्याद्रीत पावसाळ्यात सराव करणाऱ्यालाही हाच अनुभव येईल. म्हणून जलरोधक बूट घेतले तरी मोज्यांचे दोन जास्तीचे जोड जवळ ठेवावेत.

वापरलेला जोड स्वस्त मिळत असेल तर तळाचा मधला भाग, घोट्याजवळच्या घड्यांतले टाके आणि बकलांचे पट्टे पाहावेत. चामड्याला घड्यांवर बारीक भेगा असतील तर तो घेऊ नये. तुटलेले बकल बदलता येते. मात्र आधीच्या मालकाच्या पावलानुसार खोलगट झालेला तळ नव्या मालकाच्या पावलाला कधीच नीट बसत नाही.

नवा जोड थेट सरावाला नेऊ नये. आठवडाभर रोज अर्धा तास तो घालून घरात फिरावे, जिना चढावा-उतरावा आणि टाचेवर, घोट्याच्या हाडावर कुठे लाली येते ते पाहावे. मग गाडी स्टँडवर लावून, तेच बूट घालून फूटरेस्टवर उभे राहावे आणि गिअरचा लिव्हर व ब्रेकचे पेडल या बुटांच्या जाडीनुसार वर-खाली करून घ्यावे. ट्रायल्सच्या गाडीत लिव्हर मुद्दाम फूटरेस्टपासून बराच पुढे ठेवलेला असतो, त्यामुळे तो पावलाला सहज सापडत नसेल तर दोष बुटाचा असेलच असे नाही. पहिल्या सरावाच्या पिशवीत जास्तीचा एक पट्टा, मोजे, जुनी वर्तमानपत्रे आणि बोथट ब्रश ठेवावा. परत आल्यावर चिखल ओला असतानाच साध्या पाण्याने धुऊन काढावा, बकले मोकळी सोडून आत वर्तमानपत्राचे बोळे भरावेत आणि बूट सावलीत, वाऱ्यावर वाळवावेत. चुलीजवळ किंवा हीटरसमोर वाळवलेले चामडे घोट्यापाशीच पहिले तडकते.