वंशावळ संगणकात भरायला बसण्याआधी

घराण्याच्या संमेलनाची तारीख ठरली की कोणीतरी एक जण वंशावळीचं काम अंगावर घेतो आणि त्याच रात्री सॉफ्टवेअर उतरवून पहिल्या चौकटीत स्वतःचं नाव टाकतो. थांबा. लॅपटॉप, फोन, वही, पेन तुमच्याकडे आहेच. नाहीत ती घरात लग्न होऊन आलेल्या बायकांची माहेरची नावं. ती हातात येईपर्यंत एकही चौकट भरू नका.

माहेरचं नाव म्हणजे नुसतं आडनाव नव्हे. पाळण्यातलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि गाव, एवढं सगळं. तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं की जुनं नाव माहेरी राहायचं, आणि पुढच्या सगळ्या कागदांवर फक्त सासरचं नाव. सासरच्या नावांची टोपली लहान: लक्ष्मी, सरस्वती, पार्वती, रमा, जानकी. मागच्या वेळी मी माहेर ‘नंतर भरू’ म्हणून सोडलं. छापलेल्या चार्टवर लागोपाठच्या पिढ्यांत लक्ष्मीबाईच लक्ष्मीबाई, आणि प्रत्येकीच्या वर कोरी जागा. नंतर विचारायला गेलो तर सांगणारं कोणी उरलं नव्हतं. घराण्यातल्या पुरुषांची साखळी कुळवृत्तांतात, सातबाऱ्यावर, शाळेच्या रजिस्टरात कुठे ना कुठे सापडते, पुढच्या वर्षीही सापडेल. माहेर फक्त माणसांच्या डोक्यात असतं. म्हणून ते आधी.

विचारायचं कोणाला? घरातल्या थोरल्या पुरुषाला नको. ‘ती वाईकडची’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. जावांना विचारा, नणंदांना विचारा, आणि सर्वांत आधी तिच्या मुलींना, कारण त्या सुट्टीत आजोळी गेलेल्या असतात. ‘आजीचं माहेर कुठलं?’ या प्रश्नाला ‘कोकणातलं’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी विचारा की मामाच्या गावाला जाताना एसटीतून कुठे उतरायचात, पुढे होडी की बैलगाडी, शेजारचं मोठं गाव कोणतं, जत्रा कोणत्या देवाची. गाव आपोआप पुढे येतं. मामाच्या मुलांची आडनावं विचारा, तेच आजीचं माहेरचं आडनाव. मग माळ्यावर चढा. जुन्या तांब्यापितळेच्या भांड्यांवर आहेर देणाऱ्याचं नाव कोरलेलं असतं, डब्याच्या तळाला किंवा घागरीच्या गळ्याशी. चिंच लावून घासा आणि तिरक्या उजेडात फोटो काढा, अक्षरं उठून दिसतात. रुखवताच्या भांड्यावर मुलीच्या मामाचं नाव आणि लग्नाचं वर्षही निघू शकतं. लग्नपत्रिका मिळाली तर सोनंच, तिच्यात वधूच्या वडिलांचं नाव आणि राहण्याचं गाव दोन्ही असतं.

बोलणं फोनवर रेकॉर्ड करा, परवानगी घेऊन. जुना अल्बम समोर ठेवा. बाकी काही शिकवायला नको.

आता कागद. वारस नोंदीचा फेरफार तलाठ्याकडून किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षातून काढा. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतरच्या फेरफारात मुलींची नावं वारस म्हणून दिसू लागतात, बहुधा सासरच्या आडनावासह, म्हणजे घराण्यातून बाहेर गेलेल्या मुली तिथे परत भेटतात. त्याआधीच्या फेरफारात सहसा मुलगेच. गावचा जन्ममृत्यूचा नमुना १४ पाहा. जुनी पानं मोडी लिपीत असली तर आपल्या अंदाजावर जाऊ नका, जाणकाराकडून वाचून घ्या आणि मूळ पानाचा फोटो ठेवा. शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख दिसली तर ती मास्तरांनी टाकलेली असण्याची शक्यता जास्त. ती ‘सुमारे’ म्हणूनच भरा. कोल्हापूर, सांगली, सोलापूर भागात हेळवी, म्हणजे गावोगाव फिरून घराण्यांच्या पिढ्या सांगणारा, येत असेल तर त्याच्या चोपडीत पिढ्या असतात, त्याला पुढच्या फेरीची वेळ विचारून ठेवा. त्र्यंबकेश्वरला, काशीला, गयेला घरातलं कोणी गेलं असेल तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत आजोबांची सही मिळू शकते. आडनाव एकच धरून शोधू नका. वतनाचं कुलकर्णी, पाटील, देशमुख एका कागदावर आणि मूळ आडनाव दुसऱ्यावर, असं सर्रास असतं. आणि हे सगळे कागद चाळताना प्रत्येक बाईपुढे एक रकाना आखा: माहेर. रिकामा राहिला तर लाल शाईनं गोल.

तारखांचं वेगळंच दुखणं. आपल्याकडे माणूस कोणत्या तिथीला गेला ते पक्कं माहीत असतं, कारण श्राद्ध त्या तिथीला घालतात, आणि वर्ष मात्र कोणालाच आठवत नाही. दोन्ही वेगवेगळं लिहा. शालिवाहन शकाचं वर्ष असेल तर इसवी सनासाठी ७८ मिळवा, पण पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथीला ७९. माघ शके १८६२ म्हणजे १९४१ चा जानेवारी-फेब्रुवारी, १९४० नव्हे. महसुली कागदावर फसली सन दिसला तर सुमारे ५९० मिळवायचे. ग्रॅम्प्ससारख्या वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये ज्यू, इस्लामी, पर्शियन दिनदर्शिका आहेत, शालिवाहन शक नाही. म्हणून इसवी तारीख रकान्यात आणि मूळ तिथी जशीच्या तशी टिपेत. तिथी फेकून देऊ नका, पुढे पंचांगावरून पडताळता येते. वर्ष आठवत नसेल तर प्लेगच्या आधी की नंतर, कोयनेच्या भूकंपाच्या वेळी मूल केवढं होतं, असं विचारा. कोयना ११ डिसेंबर १९६७, हे माहीत असलं की पुढचं सोपं.

आता सॉफ्टवेअर. मी ग्रॅम्प्स वापरतो: फुकट, मुक्तस्रोत, आणि माहिती आपल्याच संगणकावर राहते. दुसरं घ्यायचं असेल तर एकच परीक्षा घ्या. एका माणसाला दोन नावं लावता येतात का आणि सगळा डेटा जेडकॉम फाइलमध्ये, म्हणजे वंशावळीच्या बहुतेक सॉफ्टवेअरना वाचता येणाऱ्या फाइलमध्ये, बाहेर काढता येतो का? नसेल तर सोडून द्या. भरताना स्त्रीचं मुख्य नाव माहेरचं ठेवा, प्रकार ‘जन्मनाव’. सासरचं नाव दुसरं नाव म्हणून, प्रकार ‘विवाहानंतरचं’. उलटं केलंत तर सगळं घराणं एकाच आडनावाचं दिसेल आणि कोण लेक, कोण सून ते कळणार नाही. नातेवाईक तक्रार करतील की आमची आजी लक्ष्मी, ही कृष्णा कोण? त्यासाठी सासरचं नाव टोपणनावाच्या रकान्यातही घाला आणि नावाची मांडणी अशी ठरवा की दोन्ही दिसतील. पण मुख्य नाव माहेरचंच. यावर मी वाद घालत नाही.

नावाच्या रकान्यात ‘कै.’, ‘सौ.’, ‘ती.’ लिहू नका, मृत्यूची तारीख असली की ते आपोआप कळतं. वडिलांचं नावही तिथे नको, वडील जोडलेलेच असतात. आडनाव देवनागरीत की रोमनमध्ये हे एकदा ठरवा आणि मग बदलू नका. नीळकंठ आणि नीलकंठ ही संगणकाला दोन माणसं आहेत.

सर्वांत मोठा सापळा नातवाला आजोबांचं नाव ठेवण्याच्या पद्धतीत आहे. विनायक गोविंद, त्याचा मुलगा गोविंद विनायक, त्याचा मुलगा पुन्हा विनायक गोविंद. सॉफ्टवेअरमधलं दुहेरी नोंदी शोधणारं साधन अशा आजोबा-नातवाला एकच माणूस समजून ‘जोडू का?’ विचारतं, विशेषतः दोघांच्याही तारखा कोऱ्या असतील तर. उत्साहात ‘हो’ दाबलंत तर एका झटक्यात माणूस स्वतःचाच आजोबा होतो आणि पुढे सगळं गुंततं. जोडण्याआधी दोघांच्या बायकांची माहेरं पाहा. वेगळी असतील तर माणसं वेगळी. पुन्हा माहेरच उपयोगी पडलं, हे लक्षात आलं असेलच.

दोन लग्नं झालेली असतील तर प्रत्येक लग्नाचं वेगळं कुटुंब करा. थोरल्या घरची मुलं आणि धाकट्या घरची मुलं वेगळी नोंदवा, सगळी एका आईखाली ढकलू नका. पहिली बायको बाळंतपणात गेली आणि तिचं नावच कोणी घेत नाही, अशा जागा जुन्या घराण्यात असतात. तिचंही माहेर विचारा, तिच्या भावाच्या घरी माहिती मिळते. दत्तक असेल तर दोन्ही घरं जोडायची. जन्मदात्यांशी नातं ‘जन्म’, दत्तक घेणाऱ्यांशी ‘दत्तक’. दत्तक बहुधा भाऊबंदांतलाच असतो, त्यामुळे तो माणूस आधीच तुमच्या फाइलमध्ये आहे का ते पाहा. मामेबहिणीशी लग्न झालं असेल तर तीच गोष्ट, ती दुसऱ्या शाखेत आधीपासून असते. नवीन चौकट उघडू नका.

गावं लिहिताना तालुका आणि जिल्हा लावा, नाहीतर वडगाव आणि पिंपळगाव कोणतं ते देवच जाणे. जिल्हे बदलले आहेत. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाला, पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून. ग्रॅम्प्समध्ये गाव कोणत्या काळात कोणत्या जिल्ह्यात होतं हे तारखेसह नोंदवता येतं. हे काम मी निम्मंच केलंय, कंटाळा आला. निदान माहेरच्या गावांना तरी तालुका लावा, तीच शोधावी लागतात.

प्रत्येक माहितीला कोणी सांगितलं, केव्हा, हे लावा. दोन मावश्या दोन गावं सांगतात तेव्हाच त्याची किंमत कळते.

राखीव प्रत दर आठवड्याला. फोटोंसकट हवी असेल तर ग्रॅम्प्सचं पॅकेज काढा, साध्या जेडकॉममध्ये फोटो जात नाहीत. जेडकॉम काढताना अक्षरांची संकेतपद्धत युटीएफ-८ हीच ठेवा, नाहीतर देवनागरीची जागा प्रश्नचिन्हं घेतात. एक प्रत घराबाहेर, दुसऱ्या शाखेतल्या कोणाकडे.

जिवंत माणसांची जन्मतारीख, पत्ता, फोन बाहेर पाठवू नका, निर्यात करताना त्यांना वगळण्याची सोय आहे. आईचं माहेरचं आडनाव बँका सुरक्षेसाठी विचारतात, म्हणून तेही इंटरनेटवर उघडं नको. घरच्या फाइलमध्ये मात्र हवंच.

छपाई ए-४ वर, शाखेनुसार. मोठा फ्लेक्स आत्ता नको, चुका निघणारच. छापायला देण्याआधी प्रत्येक शाखेतल्या एका बाईकडून तपासून घ्या, पुरुषाकडून नव्हे. ‘माहेर’चा रकाना रिकामा असलेली पानं तिला आधी दाखवा.