पऱ्हाटी पेटवून देण्याआधी एक खड्डा खणा

फेब्रुवारी लागला की आमच्या अंबड तालुक्यात संध्याकाळी बांधाबांधावर धूर दिसायला लागतो. कापूस वेचून संपलेला असतो, पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, चिमट्यानं उपटून ढीग लावलेले असतात. काडी ओढली की तासाभरात रान मोकळं. लोकांचं सगळंच चुकतं असं नाही. पऱ्हाटी पुढच्या हंगामापर्यंत ठेवली तर गुलाबी बोंडअळी तिच्यातच मुक्काम करते. पण त्या तासाभरात आभाळात काय जातं, ते मला कळतं आणि म्हणून जीव तुटतो. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केलं, मग लग्न होऊन या शेतात आले. वाळलेल्या पऱ्हाटीच्या वजनात जवळपास निम्मा कर्ब (कार्बन) असतो, पावसाळाभर पानापानानं हवेतून ओढून घेतलेला. आणि आमच्या माती परीक्षणाच्या कार्डावर सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के, अर्ध्या टक्क्याच्या खाली तो कमीच धरतात. घरात दाणा नाही आणि आपण भरलेली कणगी पेटवतोय. म्हणून मी पऱ्हाटी खड्ड्यात हवा कोंडून भाजते, तिचा कोळसा करते आणि तो मातीत घालते.

खड्ड्याकडे जाण्याआधी चुलीवर एक गोष्ट करून बघा. जुन्या पळीत चमचाभर साखर घ्या आणि मंद आचेवर धरा. साखर वितळते, तपकिरी होते, मग फसफसून वर येते आणि शेवटी काळी, हलकी, जाळीदार होऊन बसते. ती फसफसत असताना वर गार स्टीलची ताटली धरली, तर तिच्या तळाला पाण्याचे थेंब धरतात. (वितळलेली साखर अंगाला चिकटली तर खोल भाजते, लेकरांना लांब बसवा.) साखरेच्या एका रेणूत कर्बाचे १२ अणू, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११. बावीसला अकरा, म्हणजे बरोबर पाण्याचंच प्रमाण. आचेनं ते पाणी सुटून गेलं आणि कर्ब मागं राहिला.

पऱ्हाटीचं लाकूडही बरंचसं ग्लुकोज साखरेच्याच लांबच लांब माळांचं बनलेलं असतं. कर्बाच्या अणूला चार हात असतात असं समजा. त्या हातांनी तो हायड्रोजन, ऑक्सिजन, नत्र धरतो, आणि दुसऱ्या कर्बाचाही हात धरतो. म्हणून त्याच्या माळा होतात, फांद्या फुटतात, कड्या बनतात. सरकीतलं तेल, बोंडातला धागा, आपल्या अंगातलं रक्त, सगळं या चार हातांवर उभं आहे. मातीतले जिवाणू लाकडाच्या माळा हळूहळू तोडून खातात. पण हवा कोंडून भाजलं की हायड्रोजन-ऑक्सिजन सुटतात आणि कर्ब एकमेकांना सहा-सहाच्या कड्यांत घट्ट धरून बसतात, मधमाशीच्या पोळ्यासारखे. ही जाळी जिवाणूंना सहजी तोडता येत नाही. शेणखतातला बराचसा कर्ब आमच्या उन्हाळ्यात दोन-तीन वर्षांत उडून जातो. कोळशातला शेकडो वर्षं मातीत टिकतो.

आता खड्डा. तोंडाशी चार फूट रुंद, अडीच-तीन फूट खोल, खाली निमुळता, नरसाळ्यासारखा. कडब्याच्या गंजीपासून आणि गोठ्यापासून लांब खणा. शेजारी दीड-दोनशे लिटर पाण्याची टाकी आधी भरून ठेवा, मगच काडी पेटवा. वेळ पहाटेची, वारा पडलेला असताना. अंगात सुती कपडे, पदर खोचलेला.

पऱ्हाट्या कडकडीत वाळलेल्या हव्यात. वाकवली की मोडली पाहिजे. तळाला थोड्या तुराट्या (तुरीच्या वाळक्या काड्या) रचून वरच्या बाजूनं पेटवा. चांगला जाळ धरला की पऱ्हाटीचा पातळ थर टाका. त्या थरावर पांढरी राख धरायला लागली, की लगेच दुसरा थर. सगळं कसब इथंच आहे. वरचा जाळ हवा खाऊन टाकतो, त्यामुळं खालच्या निखाऱ्यांना हवा पोचत नाही, ते जळून न जाता कोळसा होतात. थर टाकायला उशीर केला तर राख होते. घाई केली किंवा काड्या ओल्या असल्या तर धूर निघतो. धूर दिसला की थांबा, जाळ वर येऊ द्या. माझ्या पहिल्या खड्ड्याच्या वेळी मी मध्येच धार काढायला गेले. परत आले तर मामा, म्हणजे माझे सासरे, काठावर उभे होते. म्हणाले, "राख झाली की गं पोरी." खड्डा भरेपर्यंत, दोन-अडीच तास, जागचं हलायचं नाही.

खड्डा भरला की कडेकडेनं पाणी ओता. एकदम मधोमध ओतलं तर वाफेचा लोट तोंडावर येतो. दाताळ्यानं हलवून पुन्हा ओता. वरून विझलेला दिसला तरी आत निखारा धगधगत असतो, म्हणून संध्याकाळी पुन्हा उकरून बघायचं. गार झाल्यावर एक तुकडा मोडून पाहा. काचेसारखा कट्‌ आवाज यावा आणि बोटाचा काळा डाग नुसत्या पाण्यानं निघावा. तेलकट चिकटला तर कोळसा कच्चा आहे, तो पुढच्या खड्ड्यात टाका. पऱ्हाटीच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा कोळसा हाती लागतो.

हा कोळसा तसाच मातीत घालू नका. मी मेथीच्या एका वाफ्यात घातला आणि आठ दिवसांत मेथी पिवळी पडली. त्याच्या बारीक छिद्रांनी मातीतलं नत्रच धरून ठेवलं होतं. आधी त्याचं पोट भरावं लागतं. ओला असतानाच, नाकाला फडकं बांधून, बडवून हरभऱ्याएवढा बारीक करा. एक घमेलं कोळशाला दोन घमेली शेणखत, वरून गोमूत्र आणि गूळ कालवलेलं शेणपाणी, आणि ओल टिकवून महिनाभर सावलीत झाकून ठेवा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पाणी गळू नये. याच छिद्रांत मग नत्र, पाणी आणि जिवाणू राहतात.

हिशेबही करून ठेवा, म्हणजे नंतर मन खट्टू होत नाही. एका एकराची वरची सहा इंच माती सुमारे आठ लाख किलो भरते. तिच्यात कर्ब फक्त ०.१ टक्क्यानं वाढवायला आठशे किलो कर्ब लागतो. म्हणजे हजार-अकराशे किलो कोळसा, पाच-साडेपाच टन पऱ्हाटी. एकरातून साधारण टनभरच निघते. म्हणून सगळ्या रानात उधळू नका. मोसंबीच्या आळ्यात किंवा ठिबकच्या ओळीखालीच घाला. पुढच्या वर्षीच्या कार्डावर आकडा फारसा हलला नाही तर घाबरू नका. प्रयोगशाळेत सेंद्रिय कर्ब मोजायला सहसा डायक्रोमेट नावाचं रसायन वापरतात, आणि कोळशातला सगळा कर्ब त्याला सापडत नाही.

एक जपायचं. आपली काळी माती आधीच अल्कधर्मी, सामू (पीएच) बहुतेक आठच्या आसपास, वर चुनखडीचे खडे. तो खडा कुटून त्यावर लिंबू पिळा, बुडबुडे येतील. तोही कर्बच, पण दगडात अडकलेला, पिकाच्या कामाचा नाही. कोळशाबरोबर राख गेली तर सामू आणखी चढतो. म्हणून खड्ड्यावरची पांढरी राख आधी खोऱ्यानं बाजूला काढा आणि मोसंबीच्या झाडाला वर्षाला दोन घमेल्यांपेक्षा जास्त मिश्रण देऊ नका. मृगाच्या आधी, आळं उकरून मुळांच्या टोकांजवळ घाला, वर माती ओढा आणि त्याच दिवशी पाणी द्या.