कोजागरीला दरवर्षी होणाऱ्या चुका, यंदा तरी टाळा

सगळ्यात पहिली गडबड तारखेची. कॅलेंडरवर 'आश्विन पौर्णिमा' दिसली की लोक डोळे झाकून तीच रात्र धरतात, पण कोजागरीला मध्यरात्री पौर्णिमा असायला हवी कारण लक्ष्मी 'को जागर्ति' म्हणजे कोण जागं आहे विचारत फिरते ती रात्रीच. 2024 ला 16 ऑक्टोबरला रात्री पावणेनऊच्या आसपास पौर्णिमा लागली आणि 17 ला संध्याकाळी पाचच्या आत संपली, म्हणजे कोजागरी 16 लाच. आमच्या ग्रुपवर मात्र 17 चं आमंत्रण फिरलं आणि आम्ही प्रतिपदेच्या चंद्राखाली दूध प्यायलो! तेव्हा पौर्णिमा कधी लागते नि कधी संपते ते पंचांगात आधी बघा.

आता दूध. पातेल्यात आधी अर्धी वाटी पाणी फिरवा, मगच दूध ओता, नाहीतर तळ धरतोच. आणि धरलाच तर उलथन्याने खरवडू नका हो, वरचं दूध अलगद दुसऱ्या पातेल्यात काढा आणि खालचं विसरा, खरवडलं की करपट वास सगळ्या दुधाला लागतो, मग कितीही वेलदोडा घाला तो जात नाही. साखर दूध आटल्यावर घाला. चारोळी आधी एक दाणा चावून बघा, खवट निघाली तर अख्खं पातेलं वाया. पिस्ते बिनमिठाचेच घ्यायचे, आमच्याकडे एकाने घाईत खारे पिस्ते मिक्सरला लावले आणि लोक पहिल्या घोटाला एकमेकांची तोंडं बघत बसले. जायफळ चिमूटभरच, जास्त झालं तर कडवट लागतं, शिवाय त्याने गुंगी येते म्हणतात आणि इथे तर जागायचंय.

दूध चांदण्यात ठेवताना वर पातळ मलमलचं कापड बांधा, गच्चीवर लाइट असला की किडे येतातच. खरंतर तो हॅलोजन बंदच करा ना, त्या उजेडात दुधात चंद्र दिसणार कसा? आणि तासन्‌तास ठेवू नका, चंद्र दिसला की नैवेद्य दाखवा आणि परत गरम करून वाटा. स्पीकर दहाला बंद, मग अंताक्षरी नाहीतर पत्ते.

या सगळ्यात थोरल्या मुलाला किंवा मुलीला ओवाळायचं हमखास राहून जातं. त्याला आश्विनी म्हणतात. आमची थोरली दरवर्षी ओवाळणीची वाट बघत सोफ्यावरच झोपून जाते, म्हणून आता आम्ही दूध गॅसवर चढवायच्या आधीच तिला ओवाळून घेतो.